केशरी टोपणाची सुई

माझ्या सासूबाईंनी गूळ चोरून खाल्ला नव्हता. गुळाच्या डब्याकडे त्या फिरकल्याही नव्हत्या. तरी मी त्यांच्यावर आळ घेतला, तोही चारचौघांत. पुढे तो खोटा आहे हे मला कळलं तेव्हा तोंड मिटून बसलो. पहिली चूक सांगितली की लोक हसतात आणि मला सोडून देतात. दुसरी सांगायला लागलो की मीच अडखळतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात काम करतो. माझं काम मापाचं. कुठल्या टाकीत किती किलो, कुठल्या पिंपात किती लिटर, एक टक्क्याचं द्रावण करायचं तर लिटरला किती ग्रॅम, हे दिवसभर चालतं. अर्धं आयुष्य यात गेल्यामुळे मापाच्या बाबतीत माझ्या डोक्यात हवा गेली होती. चहात साखर घालतानाही मी चमचा बोटाने सपाट करून घेत असे. बायको म्हणायची, "अहो, हा चहा आहे. बॅच नाही."

सासूबाई दांडीच्या. समुद्रावरचं घर, दाराशी होडी, आणि त्या स्वतः चिंचणीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या. सासरे गेले, त्यात सासूबाईंच्या पायाला झालेली जखम भरेना. तपासल्यावर साखर एवढी निघाली की डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. मग त्या आमच्याकडे बोईसरला आल्या आणि इन्सुलिन सुरू झालं. रोज सकाळी खाण्याआधी सोळा युनिट.

सुई कोण देणार? बायकोला सुई पाहिली की घाम फुटतो. मुलगी पालघरला नर्सिंग शिकते, पण ती वसतिगृहात राहते, शनिवार-रविवारीच घरी येते. राहिलो मी. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सिस्टरने मला एकदा करून दाखवलं, एकदा करवून घेतलं, आणि म्हणाली, छान जमतंय. ती एवढं म्हणाली नसती तर बरं झालं असतं.

पहिल्या काही सुया तिनेच दिल्या होत्या, लाल टोपणाच्या. त्या संपल्यावर मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "चाळीसची देऊ की शंभरची?" मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. लाल टोपणाच्या नळीवर चाळीसपर्यंत रेषा, केशरी टोपणाच्या नळीवर शंभरपर्यंत. आता ज्याने आयुष्यभर मापं घेतली त्याला हा प्रश्न आहे का? जितक्या रेषा बारीक तितकं माप अचूक. कारखान्यात आम्ही नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात हेच शिकवतो. मी रुबाबात सांगितलं, "शंभरची द्या. बारीक मोजता येतं."

दुकानदाराने पुडी बांधली. तो काय बोलणार? गिऱ्हाईक एवढं खात्रीने बोलतंय म्हणजे त्याला माहीत असणार.

घरी आल्यावर त्या सुया मी एका स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असं जाहीर केलं. सकाळी मी डब्याची कडी काढायचो, बाटली तळव्यांत घोळवायचो, डोळ्यांसमोर धरून सोळाव्या रेषेपर्यंत औषध ओढायचो, नळीवर टिचकी मारायचो. सासूबाई पोट उघडं करून शांत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "जावय, सुई देताना तुमचा चेहरा पूजेला बसल्यावानी होतो." मला ते कौतुक वाटलं.

साखर मात्र उतरेना.

डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळत नसतील. त्यांनी सोळाचे चोवीस युनिट केले आणि माझ्याकडे बघून म्हणाले की म्हातारी माणसं लहान मुलांसारखी असतात, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवायला लागलो. कारखान्यात टाकीत माल किती आहे हे बघायला काठी बुडवतात आणि ओल कुठपर्यंत आली ते पाहतात. तसं मी गुळाच्या डब्याला आतून पेनाने खूण केली. दोन दिवसांनी बघतो तर गूळ खुणेच्या खाली. मी बायकोला विचारलं, तिने आमटीत टाकला होता तेवढा सांगितला. तो वजा केला. तरी तूट निघाली.

ही तूट कोणाची हे सांगायला मला लाज वाटते. रात्री जेवल्यावर एक गुळाचा खडा तोंडात टाकायची मला सवय आहे. तो खडा मी हिशेबात धरलाच नव्हता. स्वतःचं खाणं कोण मोजतं?

त्याच रविवारी माझा मेहुणा दांडीहून सुके बोंबील घेऊन आला होता. वरच्या मजल्यावरच्या भाभीही बसल्या होत्या. त्या उत्तर प्रदेशच्या, त्यांचे मिस्टर माझ्याच कारखान्यात आहेत, आणि सासूबाईंचं आणि त्यांचं एकमेकींची भाषा न येता छान जमायचं. त्या सगळ्यांसमोर मी डबा आणून मध्ये ठेवला आणि म्हणालो, "आई, डॉक्टर मला बोलतात. गोड खायचंच असेल तर सांगून खा. असं चोरून कशाला?"

भाभींना शब्द कळले नसावेत, पण डबा कळला. मेहुणा खाली बघत राहिला. सासूबाईंनी पदर सारखा केला.

"जावय," त्या म्हणाल्या, "मी जल्मभर मावऱ्याचे वाटे घातले. शेजारणीच्या वाट्यातला एक बोंबील कवा उचलला नाय. तुमचा गूळ कशाला उचलू?"

बाजारात मासळीचे छोटे ढीग करून विकतात, त्यांना वाटे म्हणतात. एका ओळीत दहा बायकांचे वाटे एकमेकींना चिकटून असतात, आणि कोणाचा मासा कोणाच्या ढिगात गेला हे कधी कळणारही नाही. तिथे या बाईचं नाव होतं. चहा प्यायला उठल्या तर शेजारणी आपले पैसे तिच्या मांडीखाली ठेवून जायच्या. हे मला माहीत होतं. तरी मी डब्यातली खूण बोटाने दाखवली.

साखर पुन्हा वरच आली तेव्हा मी गूळ, साखर, मध, एवढंच काय, मुलीने आणलेला बिस्किटांचा पुडाही लोखंडी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या जुडग्यात. तो शनिवार होता.

रविवारी दुपारी मुलगी मापांची गणितं घेऊन बसली. हे आमच्या दोघांचं लाडकं काम. पहिल्या वर्षाला ती या गणितांनी रडकुंडीला आली होती. ग्रॅमचे मिलिग्रॅम करताना हजाराने गुणायचं की भागायचं, तेच तिला आठवायचं नाही. मी तिला जिना काढून दिला. वरच्या पायरीवर ग्रॅम, खाली मिलिग्रॅम, त्याच्या खाली मायक्रोग्रॅम. खाली उतरलीस की आकडा मोठा, वर चढलीस की लहान. घरगुती मापं आली तेव्हा मी कारखान्यातून मापनळी आणून घरातले सगळे चमचे मोजले. पुस्तकात चहाचा चमचा पाच मिलीचा होता. आमच्या घरातला एकही चमचा पाचचा निघाला नाही. बायको म्हणाली, "म्हणजे तुम्हाला लहानपणापासून खोकल्याचं औषध चुकीचंच दिलंय. तरीच."

सासूबाई खाटेवरून हे बघत असायच्या. त्यांनी एकदा नातीला विचारलं होतं, वाटा किती मिलीचा? नात हसली. म्हणाली, आजी, वाट्याचं माप ठरलेलं नसतं. त्या म्हणाल्या, "ठरलेला कसा नाय? घेणारीचा तोंड बघून ठरतो. बाई पोटुशी असली तर दोन बोंबील वर." मुलीने टाळी दिली आणि म्हणाली, आमच्याकडेही पेशंटचं वजन बघूनच डोस काढतात.

पण त्या रविवारी सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कुलूप लागल्यापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मुलीने गणितं सोडवून माझ्याकडे दिली. एक होतं: इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलीत चाळीस युनिट आहेत, चोवीस युनिट द्यायचे तर किती मिली? तिने उत्तर लिहिलं होतं, शून्य दशांश सहा.

मी त्यावर फुली मारली.

"चुकलं," मी म्हणालो. "चोवीस युनिट म्हणजे पाव मिलीसुद्धा होत नाही. मी रोज देतो, मला विचार."

"पप्पा, चोवीस भागिले चाळीस. शून्य दशांश सहा."

"अगं, नळी एक मिलीची. तिच्यावर शंभर रेषा. चोवीसावी रेषा कुठे येणार?"

"शंभर रेषा शंभर युनिटच्या इन्सुलिनला असतात," ती म्हणाली, जशी तिची मॅडम म्हणत असेल तशी. "या गणितात चाळीसचं आहे. पप्पा, तुम्ही प्रश्न नीट वाचतच नाही."

मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो. फ्रीज उघडला. दारात कोथिंबिरीच्या चटणीशेजारी बाटली होती. तिच्यावर माझ्या रोजच्या बोटांनी झिजलेलं, पण अजून स्पष्ट वाचता येईल असं लिहिलं होतं: एका मिलीत चाळीस युनिट.

फ्रीजचं दार उघडं ठेवून मी तिथेच मनात गणित केलं. माझ्या बारीक रेषांच्या सुईने चोवीसाव्या रेषेपर्यंत ओढलं तर पोटात दहा युनिटही जात नव्हते. आधीच्या सोळाचे तर सहाच झाले असतील. सासूबाईंना अर्ध्याहूनही कमी औषध मिळत होतं, आणि वर चोरीचा आळ.

"पप्पा, फ्रीज," मुलगी ओरडली. मी दार लावलं, परत आलो, आणि माझी फुली खोडून म्हणालो, "बरोबर आहे तुझं." ती इतकी खूश झाली की तिने कारण विचारलं नाही. पप्पांनी हार मानली हेच तिला पुरे होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. खाट चार पावलांवर होती. पण मला डबा आठवला, मेहुण्याची खाली गेलेली मान आठवली, आणि वाटलं, कशाला? सुई बदलली की झालं. संध्याकाळी मी दुसऱ्या दुकानातून लाल टोपणाच्या सुया आणल्या आणि केशरी सुया कारखान्याच्या बॅगेत तळाशी घातल्या. सोमवारी सकाळी लाल सुईने चोवीसाव्या रेषेपर्यंत औषध भरलं, पूजेला बसल्यासारखा चेहरा करून दिलं, आणि कामावर गेलो.

एक गणित मात्र मी केलं नाही. चोवीस हा आकडा डॉक्टरांनी माझ्या चुकीच्या सुईवर विसंबून वाढवला होता. आता योग्य सुईने तेच चोवीस म्हणजे कालच्या अडीच पट औषध. आणि हे कोणाला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं.

दुपारच्या जेवणाआधी बायकोचा फोन आला. आईला दरदरून घाम सुटलाय, हात कापताहेत, आणि ती स्वयंपाकघरात बसून भाव सांगतेय. कसले भाव? मासळीचे. समोर कोणी नसताना, "घे बाये, शेवटचा वाटा हाय," म्हणतेय. मी म्हणालो, साखर दे, लगेच साखर दे.

"कुठून देऊ?" बायको म्हणाली.

किल्ली माझ्या कमरेला होती.

आमच्या घरात त्या क्षणी गोड असं काहीही नव्हतं, इतका माझा बंदोबस्त चोख होता. बायकोने जिन्यात जाऊन हाक मारली. भाभी साखरेच्या पाण्याचा तांब्या घेऊन अनवाणी खाली धावल्या, आणि सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. मी रिक्षाने पोचलो तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. भाभींना विचारत होत्या की मघाचा वाटा कोणी नेला.

यापुढचं लिहायला जास्त जड जातं. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि माझी पाठ थोपटली. कुलूप लावल्याबरोबर साखर उतरली, म्हणजे गोड बंद झालं, म्हणजे आधी चालू होतं. सगळ्यांना तो हिशेब पटला. मेहुण्याने फोनवर, "तुमचंच बरोबर निघालं, भाऊजी," असं म्हटलं. ज्या सुईने सासूबाई निर्दोष ठरायला हव्या होत्या त्याच सुईने त्यांच्यावर शिक्का बसला. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

सासूबाईंनी पिशवी भरली आणि दांडीला निघून गेल्या. जाताना नातीला एवढंच म्हणाल्या की सुई काय मी घेणार नाय, कोणाच्याच हातची नाय. मेहुण्याचा रोज फोन यायचा. गावात नर्सबाई येते, पण आय हात झटकते. पायाची जखम पुन्हा ओली झालीय.

मी आधी पालघरला गेलो. मुलीला वसतिगृहाबाहेर बोलावलं, वडापावच्या गाडीशी उभं राहून सगळं सांगितलं आणि बॅगेतून ती केशरी टोपणं काढून दाखवली. तिचा घास तोंडातच थांबला. तिने माझ्याकडे मुळीच मुलीसारखं पाहिलं नाही.

"चूक कोणाचीही होते," ती म्हणाली. "पण आमच्याकडे चूक झाली की आधी सांगायचं असतं, मग रडायचं. तुम्ही सांगितलं असतं तर आजीचा डोस त्याच दिवशी कमी झाला असता. तुम्ही वॉर्डात असतात ना, तर सुई चुकली म्हणून नाही, लपवली म्हणून घरी पाठवलं असतं."

वडापावचे पैसे तिने दिले. मला त्याचंही वाईट वाटलं.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ पुन्हा लावला नाही. मग सगळे आकडे नव्याने लिहून दिले, सुईच्या टोपणाचा रंगसुद्धा. बायकोला रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात डबा उघडला तर भाकरीच्या घडीत माझ्या जुडग्यातून काढलेली कपाटाची किल्ली होती, आणि तिच्याखाली एक गुळाचा खडा. माझा रोजचा खडा तिने कायम मोजला होता.

रविवारी मी एकटाच दांडीला गेलो. पिशवीत लाल टोपणाच्या सुया आणि एक केशरी, बर्फाच्या डब्यात औषध. रिक्षात मी वाक्य घोकत होतो. वाक्य छान जमलं होतं, त्यात 'गैरसमज' हा शब्द दोनदा होता.

सासूबाई घरात नव्हत्या. किनाऱ्यावर काठ्यांच्या मांडवाला बोंबील वाळत घातले होते, आणि त्याच्या सावलीत सात-आठ बायका सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. त्या मधोमध, दुखरा पाय लांब करून. मेहुणा जाळं सांधत होता. मी आईंना जरा बाजूला येता का म्हणून विचारलं.

"गूळ मधी ठेवला होता तुमी," त्या बोंबील निवडत म्हणाल्या. "बाजूला नाय."

म्हणून मी तिथेच वाळूत बसलो. एका हातात केशरी टोपणाची सुई, एका हातात लाल. घोकलेलं वाक्य आठवेना. मी त्यांना दोन नळ्या दाखवल्या, कुठल्या रेषेपर्यंत किती जातं ते दाखवलं. बायकांचे हात थांबले. मेहुण्याचेही. सांगून झाल्यावर मी म्हणालो की चूक माझी होती, मला माफ करा.

सासूबाईंनी केशरी सुई हातात घेतली, उन्हात धरून रेषा पाहिल्या, मग परत दिली. त्यांच्या शेजारी त्यांच्याहूनही म्हातारी एक बाई कानामागे हात धरून बसली होती. बाजारात जन्मभर तिचा वाटा यांच्या वाट्याला लागून असायचा.

"ती बहिरी हाय," सासूबाई म्हणाल्या. "तिला ऐकू गेला नाय. परत सांगा. मोठ्यान सांगा. अन् सुईचा नको, गुळाचा सांगा."

मागे समुद्राचा आवाज होता, तेव्हा मला खरंच ओरडावं लागलं.

"आईंनी गूळ घेतला नव्हता. एक खडाही नाही. गूळ मी खात होतो. सुई मी चुकीची आणली, आणि कळल्यावरही गप्प बसलो, आणि तुम्हा सगळ्यांना आई चोर वाटू दिल्या. आई, मला माफ करा."